अस्तित्ववादी माणूस खोली आवरतो का?

कंदीलवाला

गेल्या रविवारी बहिणीकडे गेलो होतो. भाच्याची बारावी नुकतीच झालीय आणि त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. बहीण करवादली, "आधी ती खोली आवर." मोबाईलमधून मान वर न काढता चिरंजीव म्हणाले, "आई, मी एक्झिस्टेन्शियलिस्ट आहे. शेवटी कशालाच अर्थ नसतो." बहिणीने माझ्याकडे पाहिलं. त्या घरात पुस्तकं मीच नेऊन देतो ना!

तेव्हा हसून सोडून दिलं, पण परतीच्या गाडीत तेच डोक्यात घोळत होतं. पोरगा बोलला ते त्याचं एकट्याचं नाही. एक्झिस्टेन्शियलिस्ट, म्हणजे अस्तित्ववादी, हा शब्द जन्मल्यापासून असाच वापरला जातोय. २९ ऑक्टोबर १९४५ला फ्रेंच तत्त्वज्ञ झाँ-पॉल सार्त्रने पॅरिसमध्ये 'अस्तित्ववाद हा मानवतावाद आहे' या विषयावर व्याख्यान दिलं. युरोपातलं युद्ध संपून सहा महिनेही झाले नव्हते. अशी झुंबड उडाली की खुर्च्या मोडल्या, काहींना भोवळ आली. त्यात सुरुवातीलाच तो एका बाईंचा किस्सा सांगतो. घाईगडबडीत तोंडून एखादा शिवराळ शब्द गेला की या बाई म्हणायच्या, "बहुतेक मी एक्झिस्टेन्शियलिस्ट व्हायला लागलेय." म्हणजे सिद्धांत लोकांपर्यंत पोचण्याआधी त्याची बदनामी पोचली होती.

ते व्याख्यान म्हणजे खरं तर आरोपांना दिलेलं उत्तर आहे. कम्युनिस्ट म्हणत, हे खाऊनपिऊन सुखी लोकांचं तत्त्वज्ञान, माणसाला हातावर हात ठेवून बसायला लावणारं. कॅथलिक म्हणत, यांना माणसातली घाण तेवढी दिसते, लहान बाळाचं हसू दिसत नाही. सार्त्रने दोघांनाही उत्तर देताना एक साधी वस्तू पुढे केली: कागद कापायची सुरी. ती बनवणाऱ्या कारागिराच्या डोक्यात ती कशासाठी हे आधी पक्कं असतं, मग सुरी तयार होते. तिथे सार आधी, अस्तित्व नंतर. माणसाचं उलटं. कुणी कारागीर नाही, आराखडा नाही. माणूस आधी असतो, जगात येऊन पडतो, आणि जे करत जातो त्यातून तो कोण हे ठरत जातं.

आता यातून 'कशालाच अर्थ नाही' हे कसं निघतं, ते मला आजवर कळलेलं नाही. निघतं ते एवढंच की अर्थ आयता मिळत नाही. आणि मग जे काही होतं त्याची जबाबदारी ढकलायला कुणी उरत नाही. माणसाला स्वतंत्र असण्याची शिक्षा झालीय, असं सार्त्र म्हणतो ते याच अर्थी. 'जगालाच अर्थ नाही म्हणून मी खोली आवरत नाही' असं म्हणणं म्हणजे आपला आळस विश्वाच्या नावावर खपवणं. या ढकलाढकलीला त्याच्याकडे खास शब्द आहे, मराठीत आपण आत्मवंचना म्हणू. भाचा अस्तित्ववादी नाही, तो अस्तित्ववाद ज्याच्यावर बोट ठेवतो तो माणूस आहे.

जाणकारांनी भर घालावी. चुकत असेन तर कान धरावा.

रविवारची दुपार

पहिला नंबर! आमच्या घरी हेच वाक्य भांडी घासण्याबद्दल ऐकलंय. नवरा कुठल्या वादात बसतो म्हणायचा?

कंदीलवाला

टाळाटाळवादात. फार जुनी परंपरा आहे, संस्थापक अज्ञात.

दगडफूल

धागा आवडला. एक कबुली: कॉलेजात असेपर्यंत मला अस्तित्ववाद म्हणजे आस्तिकांचा काहीतरी वाद वाटायचा. 'अस्ति' दोन्हीकडे आहे ना! नंतर कुणीतरी सांगितलं की उलट आहे, अस्तित्ववादी असायचं तर नास्तिक असावंच लागतं. हे तरी बरोबर का?

काळी दोन

नाही, हाही गैरसमजच. धार्मिक आणि निरीश्वरवादी असे दोन्ही प्रकारचे अस्तित्ववादी आहेत, हे सार्त्रने त्याच व्याख्यानात सांगितलंय. ज्याला या सगळ्यांचा आजोबा म्हणतात तो सोरेन किर्केगार्द (१८१३ ते १८५५) कोपनहेगनचा कट्टर ख्रिस्ती. इतका कट्टर, की आयुष्याची शेवटची वर्षं तो डेन्मार्कच्या सरकारी चर्चशी भांडत होता. दाखल्यावर ख्रिस्ती लिहिलं म्हणून माणूस ख्रिस्ती होत नाही, ती प्रत्येकाने एकट्याने, भीत भीत घ्यायची उडी आहे, असं त्याचं म्हणणं. १८४३च्या पुस्तकात तो बायबलमधल्या अब्राहमची गोष्ट घेऊन बसतो: मुलाचा बळी दे असा आवाज ऐकू आला, पण तो देवाचाच हे कुणी ठरवायचं? अब्राहमनेच. सार्त्र देव मानत नाही, पण हीच गोष्ट तो उचलतो.

आणि 'अस्तित्ववादी' हा शब्द सार्त्रला चिकटवणाऱ्यांत पहिला फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल, तो १९२९ साली कॅथलिक झालेला. गंमत म्हणजे सार्त्र सुरुवातीला हे बिरुद घ्यायला तयार नव्हता. मग सगळे तेच म्हणतात म्हटल्यावर घेतलं. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने १९४७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लांबलचक पत्रात 'मी यात नाही' असं सांगून टाकलं. मार्सेललाही पुढे ते नाव नकोसं झालं. ज्या पंगतीतले निम्मे लोक 'मी इथे जेवायला आलेलोच नाही' म्हणतात अशी ही पंगत.

सदाफुली

फ्रेंच लेखक आल्बेर कामूला विसरलात का? अस्तित्ववाद म्हटलं की मला सिगरेट ओढणारा, कोटाची कॉलर वर केलेला तोच आठवतो.

काळी दोन

त्याला कसा विसरेन, सगळ्यात मोठा घोटाळा त्याच्याच बाबतीत आहे. नोव्हेंबर १९४५मध्ये त्याने मुलाखतीत स्पष्ट सांगितलं, मी अस्तित्ववादी नाही. आमची दोघांची नावं एकत्र पाहून सार्त्रला आणि मला नवल वाटतं, असंही म्हणाला. १९४२चा त्याचा सिसिफसवरचा (ग्रीक पुराणातला, तोच दगड पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलायची शिक्षा झालेला) निबंध तर अस्तित्ववादी म्हणवल्या जाणाऱ्या विचारवंतांच्या विरोधात आहे. त्याचं म्हणणं, किर्केगार्दसारखे लोक जगाच्या विसंगतीपर्यंत बरोबर येतात आणि ऐन वेळी देवाकडे उडी मारतात. ही त्याला पळवाट वाटते.

आणखी एक. त्या निबंधाची सुरुवात आत्महत्येच्या प्रश्नाने होते, तेवढंच वाचून लोक पुस्तक मिटतात. निबंधाचं उत्तर 'नाही' असं आहे. जगाकडून उत्तर मिळत नाही हे माहीत असूनही जगायचं, आणि तेही मान ताठ ठेवून. शेवटी सिसिफस सुखी आहे असं आपण मानायला हवं, असं तो लिहितो. आता यात निराशा कुठे आहे?

१९५१च्या पुस्तकावरून त्याचं आणि सार्त्रचं फाटलं. १९५२ साली सार्त्रच्या मासिकात जाहीर भांडण झालं आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते कायमचंच. जानेवारी १९६०मध्ये कामू मोटार अपघातात गेला.

कॉलर वर केलेला फोटो मात्र झकास आहे, त्याबद्दल वाद नाही.

टपरीवरचा

चर्चा चालू द्या, पण हे सगळं आपल्याकडे गीतेत आधीच आहे. अर्जुनाला युद्धभूमीवर जे झालं ते अस्तित्वाचं संकटच होतं. आणि अठराव्या अध्यायात भगवंत शेवटी काय म्हणतात? "विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु." सगळं नीट विचारात घे आणि तुला वाटेल तसं कर. याहून मोठं स्वातंत्र्य कुठलं? पॅरिसला जायची गरज नाही.

वडाची पारंबी

श्लोक अचूक निवडलात, १८.६३. माझाही आवडता. पण तीन श्लोक अलीकडे, १८.६० वाचा: तू स्वभावाने, स्वतःच्या कर्माने बांधलेला आहेस, मोहाने जे करायचं नाही म्हणतोस तेच परवश होऊन करशील. आणि तीन श्लोक पलीकडे १८.६६, "मामेकं शरणं व्रज". दोन कुंपणांच्या मधे तुमचं ते स्वातंत्र्य उभं आहे. शिवाय स्वधर्म अर्जुनाने शोधलेला नाही, तो क्षत्रिय म्हणून आधीच ठरलेला आहे. सार्त्रच्या भाषेत तिथे सार आधी आलं. म्हणजे गीता कमी असं नाही, प्रश्न वेगळा आहे. सगळंच सगळ्यात असतं म्हटलं की दोन्ही वाचायचे कष्ट वाचतात, हा त्यातला खरा फायदा.

तसाच एक शब्दाचा घोळ. कशालाच अर्थ नाही, किंमत नाही म्हणणाऱ्या निहिलिझमला आपण मराठीत शून्यवाद म्हणतो. त्यामुळे बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या शून्यतेवर विनाकारण बट्टा लागतो. शून्यता म्हणजे 'काहीच नाही' नव्हे, कशालाच स्वतःचा असा सुटा, पक्का स्वभाव नाही. म्हणजे एका भाषांतरामुळे युरोपातला निहिलिझम, बौद्ध शून्यता आणि अस्तित्ववाद असे तीन वेगळे विचार आपण एकाच पोत्यात कोंबतो.

टपरीवरचा

१८.६० लक्षात नव्हता. मान्य. पण 'मधे उभं आहे' हे तरी तुम्हीच मान्य केलंत.

सदाफुली

अवांतर: आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून हमरीतुमरी झाली तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "नरक म्हणजे इतर माणसं, असं सार्त्रने उगाच नाही म्हटलंय." टाळ्या पडल्या. बरोबर वापरलं का हो त्यांनी?

कंदीलवाला

पार्किंगपुरतं बरोबर आहे. पण हे १९४४च्या त्याच्या नाटकातलं वाक्य आहे आणि ते एक पात्र म्हणतं. तीन मेलेली माणसं एका खोलीत कायमची कोंडलेली, खोलीत आरसा नाही, त्यामुळे मी कसा आहे हे उरलेल्या दोघांनाच विचारावं लागतं. पुढे १९६५मध्ये सार्त्रने स्वतः खुलासा केला की लोकांनी याचा भलताच अर्थ घेतला. दुसऱ्याशी असलेलं नातं वाकडं, नासलेलं असेल, तर तो दुसरा नरकच होणार, असं त्याला म्हणायचं होतं. माणसं टाळा, असं नव्हे. आपण स्वतःला मोजायला मापं दुसऱ्यांकडून उसनी घेतो, म्हणून तर ते इतकं लागतं. 'चार लोक काय म्हणतील' हे ज्याने ऐकलंय त्याला हे समजायला फ्रेंच यायची गरज नाही.

रविवारची दुपार

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. कुणी 'कोसला' काढली नाही अजून, आश्चर्य आहे!

दगडफूल

घ्या, काढलीच. १९६३पासून तिच्यावर हा शिक्का आहे. मला तो अर्धाच पटतो. तिचा नायक सांगवीकर, त्याला काही आयतं मान्य नाही हे खरं, पण त्याचं गाव, बाप, वसतिगृहाचं बिल हे सगळं इतकं खानदेशी आहे की पॅरिसचं लेबल उगाच वरून डकवल्यासारखं वाटतं. खुद्द नेमाडे पुढे देशीवादाकडे गेले. वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं तर पाचशे प्रतिसाद होतील.

निळी शाई

आतापर्यंत नुसतं वाचत होतो. आता राहवत नाही.

मूळ धाग्यातली ती सुरी वाचून हसू आलं. माणसाचं आधी काही ठरलेलं नसतं म्हणे! माझ्या आजोबांच्या गावात पोर जन्माला यायच्या आधी ठरलेलं असायचं, ते कुठे राहणार, काय ओढणार, कुठलं पाणी पिणार आणि कुणाच्या दारात उभं राहणार नाही. कारागीर होता, आराखडा होता, सगळं होतं. बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. म्हणजे माणसांच्या सुऱ्या पाडायचा कारखाना.

पॅरिसच्या कॅफेत बसून 'माणूस पूर्ण स्वतंत्र आहे' म्हणायला काय जातंय? पाणवठ्यावर अडवलेल्या माणसाला तुम्ही काय सांगणार, ही तुझी निवड आहे?

काळी दोन

या धाग्यातला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि तो पहिल्यांदा सार्त्रच्या घरातच विचारला गेला. १९४०च्या सुमाराला त्याची जोडीदार, लेखिका सिमोन द बोव्हारने त्याला विचारलं होतं, जनानखान्यात कोंडलेल्या बाईला कसलं आलंय स्वातंत्र्य? तो म्हणाला, तसं आयुष्यही वेगवेगळ्या प्रकारे जगता येतं. तिने वरवर मान्य केलं, पण आत्मचरित्रात ती लिहिते की मनातून पटलं नव्हतं. पुढे १९४७मध्ये तिने म्हटलं की ज्याचं पुढचं सगळं दार कुणीतरी बंद केलंय, त्याच्या बाबतीत दोष दार बंद करणाऱ्याचा. ते दार उघडण्यासाठी झटणं हेच मग इतरांच्याही स्वातंत्र्याचं काम होतं. १९४९च्या ग्रंथात 'बाई जन्मत नाही, बाई होते' हे वाक्य आलं. सुरीचाच सिद्धांत, पण आता सुरी कोण बनवतं याचा शोध घेतलेला.

सार्त्र स्वतःही बदलला. परिस्थिती कुठलीही असो, गद्दार व्हायचं की नाही हे निवडायला माणूस सदैव मोकळा असतो, असं त्याने एका प्रस्तावनेत लिहिलं होतं. १९६९च्या मुलाखतीत तो सांगतो, ते पुन्हा वाचलं आणि मी थक्क झालो, मी हे खरंच मानत होतो! तोपर्यंत त्याचं म्हणणं एवढ्यावर आलं होतं की आपल्याला जे बनवलं गेलंय, त्याचं पुढे आपण काहीतरी करतो, तेवढी फट म्हणजे स्वातंत्र्य. फट लहान आहे. पण ती नाहीच असं म्हटलं तर महाडच्या तळ्यावर १९२७ला जे घडलं त्याला काय म्हणणार?

निळी शाई

महाडचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, तो सत्याग्रह कुणा फ्रेंच माणसाला विचारून झाला नव्हता. पण बाकीचं पटतंय. कुणी आमच्या बाजूने लिहिलंय का या लोकांत, की सगळे गोरेच?

काळी दोन

फ्रान्झ फॅनन वाचा. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाचा, कृष्णवर्णीय, पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. १९५२ सालच्या पहिल्या पुस्तकात एक प्रसंग आहे. रस्त्यात एक गोरं पोर त्याच्याकडे बोट दाखवून आईला म्हणतं, 'बघ, निग्रो!' त्या एका वाक्याने तो माणसाचा वस्तू होतो. सार्त्रने १९४८मध्ये काळ्या कवींबद्दल कौतुकाने लिहिलं होतं, पण त्यांची काळेपणाची जाणीव हा एक टप्पा आहे, पुढे गळून पडेल असंही म्हटलं होतं. फॅनन त्यावर भडकलेला आहे. पुस्तक संपतं ते प्रार्थनेने: हे माझ्या देहा, मला सदैव प्रश्न विचारणारा माणूस ठेव.

निळी शाई

आजच शोधतो. आणि मला आता असं दिसतंय की तुमची ती आत्मवंचना पाणवठ्यावर अडलेल्या माणसाची नाहीच. ती अडवणाऱ्याची आहे. 'आमच्यात असंच चालतं', 'मी कोण बदलणारा', 'वाडवडिलांपासून आहे'. स्वतः काठी हातात धरायची आणि काठीला परंपरा म्हणायचं.

काळी दोन

अगदी. सार्त्रचं ज्यूद्वेष्ट्यांवरचं १९४६चं पुस्तक हेच सांगतं. द्वेष करणाऱ्याला दगड व्हायचं असतं, कारण दगडाला निवड करावी लागत नाही.

कंदीलवाला

निळी शाई, मूळ धागा तुम्ही लिहायला हवा होता. माझी सुरी बोथट होती.

भाड्याची सायकल

इतके दिवस वाचनमात्र होतो. सार्त्रच्या त्या व्याख्यानात एका विद्यार्थ्याची गोष्ट आहे ना? कुणीतरी सांगाल का? कारण नंतर सांगतो.

कंदीलवाला

हो, व्याख्यानाचा गाभाच तो आहे, मी गाळला ही चूक. युद्धाच्या काळात एक विद्यार्थी सार्त्रकडे आला. थोरला भाऊ १९४०च्या जर्मन हल्ल्यात गेलेला, वडील जर्मनांकडे झुकलेले म्हणून आईशी बिनसलेलं. आई या एका मुलाच्या आधाराने जगत होती. त्याला इंग्लंडला जाऊन फ्रेंच मुक्ती सैन्यात सामील व्हायचं होतं. गेलो तर आई खचणार, आणि वाटेत स्पेनमधल्या छावणीत अडकलो किंवा कचेरीत कारकुनी नशिबी आली तर जाणंही फुकट. राहिलो तर आईला नक्की उपयोग, पण फक्त तिलाच. धर्म सांगतो शेजाऱ्यावर प्रेम कर, पण शेजारी कोण, आई की सैनिक? मनाला विचार म्हणावं, तर मन काय म्हणतं ते वागल्यावरच कळतं. सार्त्रचं उत्तर: तू स्वतंत्र आहेस, निवड. म्हणजे उत्तर तूच घडव.

सदाफुली

एवढंच? याला सल्ला म्हणतात? मग त्या मुलाने शेवटी काय केलं?

कंदीलवाला

व्याख्यानात ते सांगितलेलं नाही.

काळी दोन

त्यातला एक बारकावा राहिला. सार्त्र म्हणतो, आपण सल्ला विचारायला कुणाकडे जातो तिथेच निवड अर्धी झालेली असते. पाद्र्याकडे गेलास तर पाद्री काय सांगणार याचा तुला थोडाफार अंदाज असतोच. त्यातही कुठल्या पाद्र्याकडे, तेही आपणच निवडतो.

भाड्याची सायकल

आभार. आता कारण. मी रॉटरडॅमला असतो, नऊ वर्षं झाली. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आई नाशिकला एकटी. ती 'ये' म्हणत नाही, फोनवर नुसतं विचारते की तिकडे पाऊस आहे का. इथे बायकोची नोकरी, मुलगी डच शाळेत. आईला इकडे आणायचं तर ती तीन महिन्यांत कोमेजते, एकदा करून पाहिलंय. मुक्ती सैन्य वगैरे काही नाही माझ्या बाजूला, फक्त नोकरी आणि घराचा हप्ता. तुम्ही लोक काय कराल?

रविवारची दुपार

अरे देवा. माझ्या बहिणीकडे हेच चाललंय. भाऊ, सहा सहा महिने करून पाहिलंत का? घरातूनच काम होतं हल्ली.

टपरीवरचा

परत या. नंतर आयुष्यभर डोक्याला लागून राहतं. स्वानुभव आहे, जास्त लिहीत नाही.

निळी शाई

मी 'परत या' म्हणणार नाही. आमच्यात एकाने बाहेर पडावं म्हणून चार जणांनी हाडं झिजवलेली असतात. आईने पाठवलं असेल तर तिने कशासाठी पाठवलं, हेही त्या हिशेबात धरा. ती पावसाचं विचारते त्याचा अर्थ मात्र तुम्हालाच ठाऊक.

काळी दोन

मी सल्ला देत नाही, एक विचारतो. तुम्ही नऊ-दहा अनोळखी माणसांना विचारलंत. नाशिकमध्ये सख्खं कुणी नाही का?

भाड्याची सायकल

आहे. मोठी ताई, आईपासून दहा मिनिटांवर.

काळी दोन

मग तिला का नाही विचारलं?

भाड्याची सायकल

ती "ये" म्हणेल.